चुटकीचे लाडू, गुलाबी घोडे आणि आपले मुलगे

फोंड्याची_बाई

छोटा भीम हे कार्टून २००८ पासून चालू आहे. आज माझ्या वर्गात बसणाऱ्या एकाही मुलाने ढोलकपूर नसलेलं जग पाहिलेलं नाही. त्या गावात भीम, राजू, कालिया, ढोलू, भोलू हे सगळे मुलगे, जग्गू माकड तोही मुलगाच. मुली म्हणाल तर चुटकी आणि राजकुमारी इंदुमती. चुटकीच्या आईचं, टुनटुन मावशीचं, लाडवांचं दुकान. लाडू खाल्ले की भीमाला बळ येतं, आणि ते वेळेवर त्याच्या हातात पडावेत याची काळजी बऱ्याचदा चुटकीला. ती भित्री नाही, प्रसंगी लढते. पण गोष्ट तिची नसते. डोरेमॉन या जपानी कार्टूनमधली शिझुका हुशार, नीटनेटकी, त्यातला मुख्य मुलगा नोबिता याची ठरलेली भावी बायको. व्हायोलिन ती बेसूर वाजवते आणि भाजलेली रताळी आवडतात हे चारचौघांत लपवते. मला ती तेवढ्याच प्रसंगांत खरी मुलगी वाटते.

हे सगळं मुलींच्या बाजूने आपण बोलतो. मला मुलग्यांबद्दल बोलायचं आहे. तिसरीतला एक मुलगा 'माय लिटल पोनी' या मुलींच्या कार्टूनमधल्या गुलाबी घोड्यांचं चित्र असलेला डबा घेऊन आला. 'तूं चली काय रे?' (तू मुलगी आहेस का?) एवढं एकच वाक्य त्याला ऐकवलं गेलं आणि डबा बदलला. भीमाची बाटली आणणाऱ्या मुलीला असं कुणी विचारत नाही. आणि तेच घोडे मोठ्या माणसाला आवडले तर त्याच्याकडे संशयाने बघतात. मुलींचं जे जे, ते पुरुषाला कमीपणा आणणारं, ही समजूत जोवर आहे तोवर चुटकीला कितीही भाग दिले तरी मुलगे ते बघणार नाहीत. तुम्हाला काय वाटतं?

म्हापसेकर

बाई, तुमचा राग समजतो, पण तो टीव्हीवर काढू नका. चवथीला गणपतीवरची माटोळी, फळापानांचं छत, बांधायला कोण चढतं? मुलगे. नेवऱ्या लाटायला कोण बसतं? मुली आणि बायका. दिवाळीला नरकासुराचा पुतळा वाड्यावरचे पोरगे रात्र जागून उभारतात. हे ढोलकपूरने शिकवलं नाही. मूल जे घरात बघतं तेच पडद्यावर ओळखतं. आणि आपल्याकडे उलटी परंपराही आहे. पेडण्याकडच्या जत्रेत दशावतारात स्त्रीपार्ट करणारा नट द्रौपदी होऊन उभा राहतो तेव्हा माणसं रडतात. त्याला कुणी हसत नाही. मग आपला समाज इतका कोता आहे म्हणणं बरोबर नाही.

फोंड्याची_बाई

म्हापसेकर दादा, स्त्रीपार्टाचा मान मी लहानपणापासून पाहिला आहे, त्याला माझा नमस्कार. पण तो मान रंग उतरेपर्यंतच असतो. त्याच नटाचा मुलगा बाहुली घेऊन शाळेत आला तर काय होतं ते मी पाहते. शिवाय ती द्रौपदी पुरुष करतो याचं एक कारण बायकांना त्या मंचावर जागा नव्हती, हे विसरून कसं चालेल?

घरात शिकतात हे खरंच. म्हणून तर पडद्यावर वेगळं दिसायला हवं. १९९१ मध्ये कॅथा पॉलिट या अमेरिकन लेखिकेने एक साधी गोष्ट दाखवून दिली: बहुतेक बालमालिकांत मुलग्यांचा घोळका असतो आणि त्यात एकच मुलगी. स्मर्फ नावाच्या निळ्या बुटक्यांच्या गावात स्मर्फेट होती तशी, आणि तिलाही खलनायक गार्गामेलने मुद्दाम बनवलेलं. घोळक्यात प्रत्येक मुलग्याचा स्वभाव वेगळा: एक खादाड, एक चिडका, एक शहाणा. मुलीचा स्वभाव काय, तर मुलगी असणं. भीमाच्या टोळीला हे तंतोतंत लागू पडतं.

वास्कोचा_फिटर

मी तो 'मोठा माणूस' आहे. वय ३१, जहाजदुरुस्तीच्या यार्डात काम करतो आणि माय लिटल पोनीची फ्रेंडशिप इज मॅजिक ही घोड्यांची मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली आहे. लपवून पाहत नाही.

बाईंनी जे शेवटी सांगितलं त्याचं उत्तरच ही मालिका आहे. खेळणी हॅस्ब्रो कंपनीची, ऐंशीच्या दशकातली. २०१० मध्ये लॉरेन फॉस्टने ती मालिका नव्याने उभी केली. त्याआधी तिने पॉवरपफ गर्ल्सवर काम केलं होतं. तिने सहा घोड्या घेतल्या. ट्वायलाइट पुस्तकात बुडालेली, ॲपलजॅक बागायत राबणारी, रेनबो डॅश उडण्यात पटाईत आणि गर्विष्ठ, रॅरिटी कपडे शिवणारी, फ्लटरशाय लाजाळू, पिंकी पाय सतत उत्साहात. सहा जणी असल्यामुळे कुणा एकीवर 'मुलगी अशी असते' हे ओझं पडत नाही. रॅरिटीला नटायला आवडतं आणि ती धंदाही चोख करते. मला हे बघायला आवडलं कारण आमच्या यार्डात मैत्री म्हणजे शिव्या देणं. दुखलं तर सांगायचं कसं, हे कुठल्याच मुलग्यांच्या कार्टूनने मला शिकवलं नव्हतं.

आमच्यासारख्यांना 'ब्रोनी' म्हणतात. अमेरिकेत २०११ ते २०१९ त्यांची मोठी संमेलनं भरली. २०१४ मध्ये तिकडच्या एका नऊ वर्षांच्या मुलाला रेनबो डॅशचं दप्तर आणलं म्हणून मुलांनी छळलं आणि शाळेने त्यालाच दप्तर घरी ठेवायला सांगितलं होतं. बाईंच्या वर्गातल्या डब्याची आणि त्या दप्तराची गोष्ट एकच आहे.

साखळीची_आई

दादा, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत, म्हणून मीही स्पष्ट लिहिते. मला तुमच्या आवडीची अडचण नाही. तुमच्यामुळे त्या मालिकेचं जे झालं त्याची आहे.

पाठीमागे उभी असलेली एक तिरळ्या डोळ्यांची घोडी मोठ्या चाहत्यांनी हेरली, तिला 'डर्पी' नाव दिलं. २०१२ च्या जानेवारीत निर्मात्यांनी त्याच नावाने तिला बोलतं केलं. अपंगांची टिंगल होते अशी तक्रार आल्यावर तो प्रसंग बदलावा लागला. २०१५ मध्ये शंभरावा भाग झाला तो मोठ्यांना आवडणाऱ्या या मागच्या घोड्यांवर. सहा वर्षांच्या मुलीला त्या कोण हे कसं कळावं? जागा तिची होती, आणि तिथेही तिला मागच्या रांगेत बसवलं.

दुसरं जास्त बोचणारं. मुली हीमॅन बघत आल्या, सुपरमॅन बघत आल्या, आजवर भीम बघताहेत. त्यावर कुणी माहितीपट काढला नाही. पुरुषांनी मुलींचं एक कार्टून बघितलं तर त्यांच्यावर माहितीपट निघाले, वर्तमानपत्रांनी लेख लिहिले, त्यांना धाडसी म्हटलं. म्हणजे मुलींच्या गोष्टीला किंमत आली ती पुरुषांनी बघितली म्हणून. हा भेदभाव मोडणं झालं का?

बार्देशकर_७

तुम्ही सगळे एक बाजू सोडताय, दुकानाची. १९८३ चा मुलग्यांसाठीचा हीमॅन आणि १९८५ ची मुलींसाठीची शी-रा, दोन्ही मॅटेल कंपनीची खेळणी विकण्यासाठी. अमेरिकेत त्या सुमारास जाहिरातीचे नियम सैल झाले आणि खेळण्यावरून मालिका काढणं सोपं झालं. भावाला एक आणि बहिणीला दुसरं घ्यावं लागलं की विक्री दुप्पट. म्हापशाच्या बाजारात आजही बघा, निळा ढीग वेगळा, गुलाबी वेगळा. फ्रेंडशिप इज मॅजिकसुद्धा खेळणी विकायलाच निघाली, हे फिटरदादांनी सांगितलं पण त्यावर थांबले नाहीत.

आणि सरकारकडून अपेक्षा असेल तर वात्रट पोराचं जपानी कार्टून शिनचॅन आठवा. तक्रारींवरून २००८ मध्ये त्याच्यावर बंदी आली, मग कापाकाप करून तो परत आला. पोराचा वात्रटपणा कापला. दिवसभर राबून ओरडणारी आई मिसाए आणि दमून घरी येणारा बाप हिरोशी तसेच राहिले. त्यात कुणाला आक्षेपार्ह काही दिसलंच नाही.

वास्कोचा_फिटर

साखळीच्या ताई, शंभरावा भाग मला फार आवडला होता, पण तुमचा मुद्दा मला खोडता येत नाही. माहितीपटांचंही पटलं. फक्त एक सांगा, मग मी काय करावं? बघणं बंद करावं? तसं केलं तर 'तूं चली काय रे' म्हणणारेच जिंकले.

साखळीची_आई

बघा की. पण मुलांच्या जागेत मोठे वागतात तसं वागा. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. रेनबो डॅशचं चित्र काढायचं म्हणून तिने इंटरनेटवर शोधलं तर तिने बघू नये अशी चित्रं समोर आली. ती काही मुलांनी काढलेली नव्हती. तुम्ही काढली असंही मी म्हणत नाही. पण तुमच्या संमेलनांत, तुमच्या गटांत त्यांना कुणी हटकतं का? बायकांच्या वाट्याला आलेलं हे काम आहे, आधी तपासायचं, मग मुलीला द्यायचं. माझा नवरा भीम लावून देतो आणि निश्चिंत असतो, घोडे मात्र मीच आधी बघते. तसली चित्रं काढणाऱ्यांना तुम्ही पुरुषांनी आपसात हाताळा. तोवर आमच्या घरी शोध बंद, आणि चित्र मी छापून देते.

म्हापसेकर

मी अजूनही घराचंच म्हणतो. पण ताईंनी नवऱ्याबद्दल लिहिलं तेही घरातलंच आहे.