ऑस्करची पैज: आकडे मांडायचे की सिनेमे बघायचे?

धंतोलीकर
ऑस्करच्या विजेत्यांवर पैज लावायचा फॉर्म आला की आपल्या गटातले अर्धे लोक स्वतःला आवडलेल्या चित्रपटावर टिक करतात आणि सोमवारी सकाळी ऑस्कर देणाऱ्या अकादमीला शिव्या घालतात. माझं म्हणणं असं: पैज जिंकायची असेल तर आवड बाजूला ठेवा. मतदार कोण आणि मोजणी कशी, एवढंच बघा. चित्रपट बघितला नसला तरी बिघडत नाही.

दिग्दर्शन सगळ्यात सोपं. डायरेक्टर्स गिल्ड म्हणजे दिग्दर्शकांची अमेरिकी संघटना. तिचा पुरस्कार १९४८ पासूनचा, आणि २०२५ पर्यंत गिल्डचा नि ऑस्करचा विजेता वेगळा निघाला तो फक्त आठ वेळा. त्यातला शेवटचा २०२० चा: गिल्डने सॅम मेंडिसला दिला, ऑस्कर बाँग जून-होने नेला. गिल्डचा निकाल लागला की हा रकाना भरून मोकळं व्हायचं.

लोक आपटतात ते सर्वोत्कृष्ट चित्रपटात. इतर विभागांत ज्याला जास्त मतं तो जिंकला. इथे मात्र मतदार दहा चित्रपटांना पसंतीक्रम देतो, आपल्या नागपूर पदवीधर मतदारसंघात देतात तसाच. समजा १०० मतपत्रिका आहेत. पहिल्या पसंतीत ‘क’ ३५, ‘ख’ ३०, ‘ग’ २०, ‘घ’ १५. निम्म्याच्या वर कुणीच नाही, म्हणून ‘घ’ बाद. त्याच्या १५ पत्रिकांवर दुसरी पसंती ११ जणांची ‘ख’, चौघांची ‘क’. आता ‘ख’ ४१, ‘क’ ३९. मग ‘ग’ बाद. त्याच्या वीसपैकी १२ ‘ख’ला, ८ ‘क’ला. ‘ख’ ५३, ‘क’ ४७. पहिल्या फेरीत पाच मतांनी पुढे असलेला ‘क’ घरी. ज्याच्यावर थोडे लोक जीव टाकतात आणि बाकीचे नाक मुरडतात, त्याचं हेच होतं.

ही पद्धत २०१० च्या सोहळ्यापासून आहे. निर्मात्यांचं प्रोड्युसर्स गिल्डही अशीच मोजणी करतं, म्हणून त्यांचा निकाल जास्त धरायचा. २०१८ ते २०२५ या आठ सोहळ्यांत तो सातदा जुळला. २०२२ मध्ये ‘द पॉवर ऑफ द डॉग’ला बारा नामांकनं होती, ‘कोडा’ला तीन, दिग्दर्शनाचं नाही, संकलनाचं नाही. ‘कोडा’ने तिन्ही नेले, बारावाल्याच्या हाती फक्त दिग्दर्शनाचा लागला. गिल्डने ‘कोडा’चं नाव आठवडाभर आधीच सांगून टाकलं होतं.

तर्रीबाज
चित्रपट न बघता? भाऊ, आता मतदारांनाही तशी मुभा राहिली नाही. २०२६ च्या सोहळ्यापासून नियम आहे: ज्या विभागात अंतिम मत द्यायचं, त्यातली सगळी नामांकनं बघितलेली पाहिजेत.

सदरवाली
धंतोलीकर दादा, आठपैकी न जुळलेला एक निकाल का चुकला ते सोयीस्कर गाळलंत. २०२० मध्ये ‘१९१७’कडे प्रोड्युसर्स गिल्ड, डायरेक्टर्स गिल्ड, गोल्डन ग्लोब, ब्रिटनचा बाफ्टा, सगळं होतं. जिंकला ‘पॅरासाइट’. २०१६ नंतर अकादमीने हजारो नवे सभासद घेतले, त्यातले बरेच अमेरिकेबाहेरचे. गिल्डं मात्र मुख्यतः अमेरिकन माणसांचीच राहिली. १९४८ पासूनचा हिशेब सांगताना मतदार बदलला हे विसरून कसं चालेल?

आकड्यांतून नियम काढायची हौस कुठे नेते ते संकलन आणि ध्वनीत बघा. २०१५ ते २०२२, सलग आठ सोहळे, ज्याला संकलनाचा ऑस्कर त्याला ध्वनीचाही निदान एक मिळाला: ‘व्हिपलॅश’, ‘मॅड मॅक्स’, ‘हॅकसॉ रिज’, ‘डंकर्क’, ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’, ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’, ‘साउंड ऑफ मेटल’, ‘ड्यून’. लोकांनी डोळे मिटून दोन्ही रकान्यांत एकच नाव लिहायला सुरुवात केली आणि २०२३, २४, २५, तिन्ही वर्षं एकेक गुण घालवला. मुळात तसा नियम नव्हताच. ड्रम, युद्ध, गाड्या, गाणी. त्या काळात जिंकणारे चित्रपटच कानाने कापलेले होते. २०२४ चा ‘झोन ऑफ इंटरेस्ट’ घ्या. पडद्यावर बाग, मुलं, धुतलेले कपडे. छळछावणी भिंतीपलीकडे, आणि ती फक्त ऐकू येते. गोळी, ओरडणं, भट्टीची घरघर. जो दहा मिनिटं बघेल त्याने ध्वनीत ‘ओपनहायमर’ लिहिलंच नसतं.

अभिनयात तर तुमचे आकडे एकमेकांशीच भांडतात. २०२३ मध्ये बाफ्टाचे चारही अभिनय विजेते ऑस्करला पडले आणि अभिनेत्यांच्या संघटनेचे, म्हणजे अॅक्टर्स गिल्डचे, चारही लागले. २०२५ मध्ये मुख्य भूमिकांत गिल्डने डेमी मूर आणि टिमोथी शॅलमेला दिलं, ऑस्कर गेला मायकी मॅडिसन आणि एड्रियन ब्रोडीला, दोघंही बाफ्टाचे. मग धरायचं कुणाचं?

धंतोलीकर
ताई, ध्वनीचं उदाहरण उलटं पडलं. बाफ्टानेही त्या वर्षी ध्वनीचा पुरस्कार ‘झोन ऑफ इंटरेस्ट’लाच दिला होता. दहा मिनिटं बघायचीही गरज नव्हती, यादी वाचली असती तरी पुरे होतं.

अभिनयात धरायचं काय, तर आधी तारखा. २०२५ मध्ये अकादमीचं अंतिम मतदान ११ ते १८ फेब्रुवारी. बाफ्टा १६ ला, म्हणजे मतदान चालू असताना. अॅक्टर्स गिल्ड २३ ला, सगळं आटोपल्यावर. गिल्डच्या मंचावरचं भाषण ऐकून कुणाचं मत फिरणं शक्यच नव्हतं. शिवाय गिल्डचे सभासद लाखाच्या वर, त्यांत मालिकांतले नि छोटी कामं करणारे बहुसंख्य. बाफ्टाचे मतदार आणि अकादमीचे मतदार यांत सरमिसळ बरीच.

दुसरी चाळणी: ऑस्करला पुढे असलेलं नाव बाफ्टाच्या नामांकनात आहे का? २०२१ पासून तिथे अभिनयाची नामांकनं ठरवण्यात ज्युरीचा हात असतो, त्यामुळे मोठी नावं गळतात. २०२२ मध्ये जेसिका चॅस्टेन तिथे यादीतच नव्हती, ऑस्कर तिलाच मिळाला. म्हणजे त्या वर्षी त्या विभागापुरता बाफ्टाचा निकाल कोरा समजायचा आणि गिल्ड धरायचं.

सदरवाली
ही चाळणी २०२३ ला लावून दाखवा ना. ब्रेंडन फ्रेझर आणि मिशेल यो, दोघंही बाफ्टाच्या यादीत होते, तिथे हरले आणि ऑस्कर घेऊन गेले. निकाल लागल्यावर चाळणी बनवणं सोपं असतं.

महालचा मुनीम
तुम्ही दोघं भलत्याच गोष्टीवर भांडून राहिले. अंदाज बरोबर येणं वेगळं आणि पैज जिंकणं वेगळं. आपल्या गटात २५ जणं. दिग्दर्शन, चित्रपट, मुख्य भूमिका इथं सगळ्यांचे टिक जवळपास सारखेच. समजा एका विभागात २२ जणांनी सगळ्यात पुढे असलेलं नाव घेतलं. ते लागलं तं तुम्ही तिघांच्याच पुढे. तुम्ही दुसऱ्या क्रमांकाचं घेतलं आणि ते लागलं तं एका झटक्यात बावीस जणांच्या पुढे. म्हणून जिथं पुढच्याची शक्यता साठ टक्क्यांच्या आसपासच वाटते आणि गट मात्र आंधळेपणानं त्याच्यावर आहे, असे दोनच विभाग निवडायचे. दोनच. सहा ठिकाणी शहाणपणा केला का सावजीचं बिल तुमच्याच नावावर.

बाकी फरक पडतो तो तीन लघुपट विभागांत: अॅनिमेशन, लाइव्ह अॅक्शन, माहितीपट. इथं गिल्डचा कौल नसते, म्हणून धंतोलीकरभाऊंची वही कोरी. पण हे लघुपट ४० मिनिटांच्या आतले असतात आणि बरेचसे ऑनलाइन सापडतात. पाच गुणिले तीन, पंधरा फिल्मा, दोन रविवार. इथं सदरवाल्या ताईचं पटते.

तर्रीबाज
आणि आपला चित्रपट असला की? तेव्हा तर सगळे देशासाठी टिक करतात.

धंतोलीकर
करू द्या, गुण आपले. ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, ‘कोर्ट’ हे तिन्ही मराठी चित्रपट भारताकडून गेले, एकालाही नामांकन नाही. ‘लगान’ अंतिम पाचांत पोचला, पण गोल्डन ग्लोब आधीच ‘नो मॅन्स लँड’ने घेतला होता आणि ऑस्करही त्यालाच मिळाला. ‘नाटू नाटू’च्या वेळी देशप्रेमाची गरजच नव्हती. ग्लोब आणि समीक्षकांचा क्रिटिक्स चॉइस दोन्ही खिशात होते.

सदरवाली
नवा कास्टिंगचा विभाग मात्र धरा. २०२६ पासून आलाय, त्याच्यामुळेच २४ झाले. ऑस्करमध्ये त्याला मागचा फारसा इतिहास नाही, तुमची आठ-सातची गणितं इथे नाहीत. कलाकारांची फौज मोठी आणि चेहरे अनोळखी असलेला चित्रपट शोधायचा की सरळ सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंच नाव लिहायचं, हे बघूनच ठरवावं लागेल.

धंतोलीकर
मी चित्रपटाचंच नाव लिहिणार. अंतिम फेरीत सगळेच सभासद मत देऊ शकतात, आणि कास्टिंग डायरेक्टर नेमकं काय करतो हे त्यांतल्या बहुतेकांना धड सांगता येणार नाही. आवडत्या चित्रपटासमोर खूण करून पुढे जातील.

महालचा मुनीम
फॉर्मचं सांगतो. प्रत्येक विभागाला एकच गुण. गेल्या खेपेसारखे ज्याची जास्त खात्री त्याला जास्त, असे भरवशाचे गुण नकोत, त्यात दिग्दर्शनाला सगळ्यात जास्त देऊन सगळेच सारखे होतात. बरोबरी झाली तं सोहळा किती मिनिटं चालला याचा अंदाज ज्याचा जवळ तो पुढे. तो रकाना सक्तीचा. फॉर्म रविवारी रात्री दहाला बंद. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे जातात. सोहळा त्या दिवशी किंवा नंतर असला तं आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेचारला सुरू, आधी असला तं साडेपाचला. साडेपाच समजून कोणी पाच वाजता टिक बदलाले आला तं ऐकून घेणार नाही, तवर एखादा सहाय्यक भूमिकेचा निकाल लागून गेला असते.