आधी टाकी रिकामी करा

वडिलांची डिझेल जीप अडीच वर्षं अंगणात उभी आहे, नवी बॅटरी टाकून सेल्फ मारू का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून एवढ्यात मारू नका. आमची गाडी चिपळूणला दोन पावसाळे झाकून ठेवलेली होती. टाकीच्या तळाचा ड्रेन बोल्ट सोडला तर आधी तांब्याभर पाणीच आलं, मग काळपट डिझेल. पाणी जड, ते तळाला बसतं आणि तिथूनच इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाकडे ओढलं जातं. पंप गेला तर बॅटरीच्या कितीतरी पट खर्च.

टाकी साफ करून, नवं डिझेल भरून, डिझेल फिल्टर नवा घालून मग एअर काढा, म्हणजे डिझेलच्या नळीत अडकलेली हवा. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा आणि डिझेल पुढे ढकलणारा छोटा हातपंप दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे. बुडबुड्याविना सलग धार लागली की स्क्रू आवळायचा. इथे घाई नको. ऑइल बदला. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीला (इंजिनाच्या पुढच्या बाजूच्या, बेल्ट फिरवणाऱ्या खालच्या चाकाला) पाना लावा आणि इंजिन हाताने दोन फेरे फिरवून बघा. अडलं तर जोर लावू नका, मेकॅनिकलाच बोलवा. उंदरांनी वायरिंग कुरतडलंय का तेही पाहा.

सुरू झाली तरी ब्रेक तपासल्याशिवाय फाटकाबाहेर काढू नका. आणि पहिला आवाज ऐकायला वडिलांना शेजारी उभं करा.