प्रतिसाद: क्लोन केलेल्या व्हीएम आणि एकच आयपी

एकाच इमेजवरून (तयार सिस्टमच्या डिस्क-प्रतीवरून) क्लोन केलेल्या दोन व्हीएमना (व्हर्च्युअल मशीनना) मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डचे पत्ते) वेगळे असूनही एकच आयपी मिळतोय, म्हणून वरच्या प्रतिसादांत सगळे डीएचसीपी सर्व्हरच्या (नेटवर्कवर आयपी वाटणाऱ्याच्या) मागे लागलेत. त्या बिचाऱ्याचा दोष नाही. सिस्टमडी-नेटवर्कडी (लिनक्समधली नेटवर्क सांभाळणारी सेवा) डीफॉल्टने डीएचसीपी सर्व्हरला स्वतःची ओळख मॅकवरून सांगत नाही, मशीन-आयडीवरून (त्या सिस्टमच्या ओळख-क्रमांकावरून) बनवलेला क्लायंट-आयडी पाठवते. हा ३२ हेक्स अक्षरांचा मशीन-आयडी इटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरमधल्या फाइलीत असतो आणि इमेजसोबत जसाच्या तसा क्लोन होतो. मग सर्व्हरला दोन्ही मशीन एकच वाटणार.

इमेज बनवताना ती फाइल रिकामी करा. बूटच्या अगदी सुरुवातीला सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा मूळ प्रोग्राम) नवा आयडी तयार करते. इटीसी तेव्हा रीड-ओन्ली असेल, तर तात्पुरती फाइल त्या फाइलीच्या जागी वरून माउंट करते (जोडते) आणि डिस्क लिहिता येऊ लागली की कायम करते. फक्त फाइल रिकामी असेल तर ते 'पहिलं बूट' धरलं जात नाही. पहिल्या बूटची युनिट्स (फक्त तेव्हाच चालणारी सिस्टमडीची कामं) चालवायची असतील, तर त्या फाइलीत 'अनइनिशियलाइज्ड' हा शब्द (इंग्रजीतच, अर्थात) लिहून ठेवा.

हात घातलाच आहे तर एसएसएचच्या (दुरून सुरक्षित लॉगिनच्या सोयीच्या) होस्ट-कीज, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या कीजही इमेजमधून उडवा, आणि नव्या मशीनवर त्या आपोआप बनतात ना, तेही बघून घ्या. सगळ्या सर्व्हरची एकच प्रायव्हेट (गुप्त) की असणं हे आयपीच्या गोंधळापेक्षा कितीतरी वाईट.