गोल्फचे बूट बदलल्यापासून टाच धरलीय, आता घरचे म्हणतात खेळ बंद

पहाटवारा

नमस्कार मंडळी. टाचेनं अगदी मेटाकुटीला आणलंय, म्हणून लिहितेय. वय 49, उजव्या हातानं खेळते. आठवड्यातून दोनदा 18 होल, म्हणजे गोल्फचा एक पूर्ण राउंड, बॅग ट्रॉलीवर, पण सगळं अंतर पायी. गाडीत बसायचं नाही हा माझा नेम आहे. मला खेळाइतकंच ते चालणं प्रिय आहे.

दोन महिन्यांपूर्वी जुने बूट बाजूला ठेवून नवे घेतले. चामड्याचे, स्पाइकवाले, मागची बाजू चांगली कडक. दुकानात चार पावलं चालून बघितलं तेव्हा झकास वाटले होते. तिसऱ्या राउंडला डाव्या टाचेच्या मागे घासायला लागलं आणि आठव्या होलपर्यंत कातडी सोलून निघाली. पट्टी लावून खेळत राहिले. तेवढंच असतं तर सोसलं असतं.

पण गेले तीन आठवडे त्याच पायाला वेगळंच काहीतरी सुरू झालंय. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेच्या तळाशी अशी कळ येते की भिंत धरून उभं राहावं लागतं. दहा-पंधरा पावलं लंगडत चालले की ओसरते. कोर्सवर पहिले दोन-तीन होल जाणवतं, मग दुखणं मागे पडतं. राउंड संपवून अर्धा तास बसून उठले की पुन्हा तीच कळ.

एक्स-रे काढला, त्यात टाचेचं हाड वाढलेलं निघालं. तेव्हापासून घरात एकच धोशा, आता खेळ बंद कर. मला ते ऐकवत नाही. हे सगळं बुटांमुळे झालं का? जुने बूट पुन्हा काढू का? आणि ते वाढलेलं हाड खरंच कापावं लागतं का?

लेफ्टीकाका

पहाटवारा, मागच्या सोललेल्या जागेबद्दल सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील. टाच सोलवटते म्हणजे ती बुटात वरखाली होते आहे. बूट कडक असला तरी टाच आत घट्ट बसली असेल तर इतकं घासत नाही.

एक जुनी युक्ती करून बघ. टाचेवर जिथे सोललंय त्याच्या भोवती ओल्या शाईचा ठिपका दे, उघड्या जखमेवर नको. मोजे न घालता बूट चढव, पाच पावलं चाल आणि काढ. आतल्या अस्तरावर शाई कुठे उमटली ते बघ. मग तिथे अंगठा दाबून फिरव. माझ्या एका बुटात तिथे शिवणीचा कंगोरा निघाला होता. डोळ्यांना दिसत नव्हता, अंगठ्याला बरोबर लागला.

दुसरं म्हणजे लेस. सगळ्यात वरच्या भोकात लेस बाहेरून आत घाल, म्हणजे त्याच बाजूला छोटा फास तयार होईल. दोन्ही बाजूंना तसं कर. मग डावी लेस उजव्या फासातून आणि उजवी डाव्या फासातून काढ, आधी खाली ओढून टाच मागे बसव आणि मग गाठ मार. टाच जागची हलत नाही. बूट बांधताना टाच जमिनीवर आपटून मागे सरकवायची आणि मगच लेस ओढायची, हे विसरू नकोस.

आणि दवानं भिजलेले बूट उन्हात किंवा हीटरजवळ वाळवत असशील तर आजपासून बंद कर. चामडं आकसतं, मागची बाजू लाकडासारखी होते. आत कागद कोंबून सावलीत ठेवायचे.

रानजाई

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमच्या वर्णनावरून मला दोन वेगळी दुखणी दिसतात, एकच पाय असल्यामुळे ती एक वाटतायत. मागे कातडी सोलली, तो बुटाचा प्रश्न, काकांनी चांगलं सांगितलंय. तळाचं दुखणं मात्र प्लांटर फॅसायटिससारखं वाटतं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो. झोपेत पाऊल खाली झुकलेलं राहतं, पट्टा आखडून विसावतो. सकाळी पहिल्या पावलाला तो एकदम ताणला जातो, म्हणून ती कळ, आणि चार पावलांनी जी सैल होते तीही त्यामुळेच. बसून उठल्यावर पुन्हा येते, हेही अगदी त्याच दुखण्याचं लक्षण.

आता हाड. ‘टाचेचं हाड वाढलंय’ हे ऐकून लोक घाबरतात. ते वाढलेलं टोक कसलंही दुखणं नसलेल्या कित्येकांच्या एक्स-रेतही दिसतं, आणि टाच ठणकणाऱ्या कित्येकांत दिसत नाही. म्हणजे एक्स-रेमधल्या त्या टोकावर दोष ठेवता येत नाही. ते कापायची वेळ फार थोड्यांवर येते. बहुतेकांचं दुखणं शस्त्रक्रियेशिवाय वर्षाच्या आत बरं होतं. घरच्यांना हे नक्की वाचून दाखवा.

बुटाचा हात असू शकतो. जुन्या बुटाची टाच जाड आणि मऊ होती, नवा बूट सपाट आणि कडक आहे, असं आहे का? टाच खाली गेली की पोटरी जास्त ताणली जाते, आणि पोटरी आखडलेली असेल तर तिचा भार तळव्याच्या पट्ट्यावर येतो. त्यात 18 होल म्हणजे आठ-दहा किलोमीटर चालणं. तुम्ही उजव्या हातानं खेळता, म्हणजे प्रत्येक फटक्याच्या शेवटी जवळपास सगळं वजन डाव्या पायावर येतं. दुखतोय तोही डावाच.

व्यायाम दोनच सांगते, पण ते रोज मनापासून करायचे. पहिला सकाळी पलंगावरून उतरण्याआधी. डावा पाय उजव्या मांडीवर घ्या, हातानं सगळी बोटं नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं तळवा चाचपा, पट्टा ताणलेल्या दोरीसारखा लागला पाहिजे. दहा मोजेपर्यंत धरा, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा, त्यात पहिला पाय जमिनीला लागायच्या आधी एकदा.

दुसरा ताकदीचा. पायरीच्या कडेवर चवड्यावर उभं राहा, बोटांखाली टॉवेलची वळकटी ठेवा म्हणजे बोटं वर उचललेली राहतील. तीन सेकंदात टाच वर, दोन सेकंद तिथेच, तीन सेकंदात खाली. बारा वेळा, एक दिवसाआड. दोन्ही पायांवर सुरू करा, जमलं की एका पायावर, मग पाठीवर वजन घेऊन. एका संशोधनात असा व्यायाम करणाऱ्यांना तीन महिन्यांत नुसत्या ताणापेक्षा जास्त फरक पडला होता. वर्षाअखेर मात्र दोन्ही गट सारखेच होते. म्हणजे व्यायामानं आराम लवकर मिळतो.

इंजेक्शनची घाई करू नका. काही आठवडे बरं वाटतं, पण पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो.

पायवाट

ताईंच्या म्हणण्याला जोडून एक सांगतो, कारण मी स्वतः यात फसलो. मलाही सगळ्यांनी फॅसायटिसच सांगितलं आणि मी सहा आठवडे ताण देत राहिलो. माझी टाच मात्र चालल्यानं सैल व्हायची नाही. जितकं चालू तितकी ठणकायची, रात्री पडल्यावरही दुखायची. एकदा कुणीतरी टाच दोन्ही बाजूंनी तळहातात धरून दाबली आणि मी ओरडलोच. तपासात टाचेच्या हाडाला बारीक तडा निघाला. म्हणून टाच बाजूंनी दाबून बघाच. दाबून दुखलं, विसाव्यातही दुखत राहिलं किंवा तळव्याला मुंग्या येत असतील तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर मागची सोललेली जागाही हलक्यात घेऊ नका.

पहाटवारा

तिघांचे मनापासून आभार. दाबून बघितलं, बाजूंनी अजिबात दुखत नाही. तळाशी, टाचेच्या आतल्या बाजूला, बोटाच्या पेराएवढी जागा आहे, तिथे अंगठा टेकला तरी कळ जाते. मधुमेह नाही.

काका, शाईचा ठिपका केला. तो वरच्या काठाच्या जरा खाली उमटला, आणि तिथे अस्तराची घडी पडली होती. अंगठ्यानं लगेच कळली. आतला तळ काढून त्यावर उभी राहिले तर पाऊल दोन्ही बाजूंनी बाहेर! म्हणजे पुढचा भाग अरुंद होता, म्हणून मी लेस सैल बांधत होते, आणि सैल लेसमुळे टाच मागे उचलली जात होती. दोन महिने मी कडक चामड्याला दोष देत होते.

ताई, तुमचा अंदाज बरोबर निघाला. दोन्ही बूट टेबलावर शेजारी ठेवले तर जुन्याची टाच बोटभर उंच आहे. जुने परत घालू का?

रानजाई

जुन्या बुटाच्या तळातला मधला मऊ थर दाबला गेला असेल. अंगठ्यानं टाचेखाली दाबा, लगेच वर येत नसेल तर तो कामाचा नाही. मग नवीन शोधा, पण संध्याकाळी, पाय जरा सुजलेला असतो तेव्हा, आणि खेळताना घालता तेच मोजे घालून. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. बूट मधोमध मोडायला नको, चवड्याशी वाकला पाहिजे. पायाच्या मापाचे महागडे इनसोल बनवून घ्यायची घाई नको. तयार मिळणारेही बहुतेकांना तितकेच उपयोगी पडतात. तोवर घरात कडक फरशीवर अनवाणी फिरू नका. आणि खेळ बंद करू नका, 9 होल करा. दुसऱ्या दिवशी सकाळची कळ आदल्या दिवसापेक्षा वाढली तर तेवढंही जास्त झालं असं समजा.

पहाटवारा

नऊ आठवड्यांनी लिहितेय. जुना बूट दाबून बघितला, खड्डा तसाच राहिला, म्हणून टाकून दिला. आता रुंद पुढच्या भागाचे, स्पाइक नसलेले, टाचेला जरा उंची असलेले घेतलेत. काकांच्या पद्धतीनं लेस बांधते, मागे एकदाही सोललं नाही.

तळाची कळ पहिले तीन आठवडे जराही हलली नव्हती आणि मी हिंमत सोडत आले होते. चौथ्या आठवड्यात एका सकाळी लक्षात आलं की मी भिंत न धरता उभी आहे. अजून पहिल्या पावलाला टोचतं, पण पूर्वी दहापैकी आठ होतं ते आता तीन. 9 होल नेहमीसारखे, गेल्या आठवड्यात 13 केले आणि दुसऱ्या दिवशी वाढलं नाही. टाचा उचलण्याचा व्यायाम एका पायावर बारा वेळा होतो. ताई, आता पाठीवर बॅग घेऊन करू का?

रानजाई

करा. पाच किलोपासून सुरुवात, आकडा बारावरून दहावर आणा. 18 होल अजून दोन आठवडे थांबवा.