प्रतिसाद: मशीन लावता आलं म्हणजे सहायक तयार झाला का?

आयएफटी (दुखणं कमी करायला सौम्य विजेचा प्रवाह देणारं मशीन) आणि अल्ट्रासाउंड (सोनोग्राफी नव्हे, ध्वनिलहरींनी उपचार करणारं मशीन) नीट लावता आलं की फिजिओथेरपी सहायक कामाला तयार, असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. पहिल्या नोकरीत मुलं अडखळतात ती पेशंट उठवताना.

पक्षाघाताचा पेशंट चाकाच्या खुर्चीत घ्यायचा तर खुर्ची त्याच्या चांगल्या बाजूला, पलंगाला तिरकी लावा. आधी दोन्ही ब्रेक, मग पाय ठेवायच्या पट्ट्या वर. कमरेला पट्टा बांधून तिथेच धरा. लुळ्या हाताला किंवा काखेत धरून ओढलं तर खांदा निखळायला वेळ लागत नाही, आणि तो पुढे महिनोन्‌महिने दुखतो. बरेच दिवस झोपून असलेल्याला एकदम उभं करू नका. आधी झोपलेला असताना बीपी घ्या, मग पाय खाली सोडून बसवा, उभं केल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर परत झोपवून फिजिओथेरपिस्टना कळवा. त्या दिवशी चालवायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं, सहायकाने नाही.

ठाण्यात घरी जाऊन करायचं काम भरपूर. नौपाड्यातल्या बिनलिफ्टच्या जुन्या इमारतींत जिना चुकत नाही, म्हणून शिकवणाऱ्यांनो, तो कॉलेजातच घोटवा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. काठी चांगल्या बाजूच्या हातात, मूठ मनगटाच्या घडीइतकी उंच. हे तोंडी विचारू नका, करून दाखवायला लावा.

नोंदीत ‘पेशंट बरा’ चालत नाही. किती पावलं, किती आधार, कुठे थांबला, ते लिहायला लावा.