सिग्नलला गाडी थरथरते. प्लग बदलले, थ्रॉटल धुतला, आता इंजेक्टर म्हणतायत

घोडबंदरचा_वाटसरू:
नमस्कार मंडळी. गाडी २०१३ ची, १२०० सीसी पेट्रोल, चार सिलिंडर, ९१ हजार किलोमीटर झालेत. राहतो मानपाड्याला, ऑफिस ऐरोलीला. म्हणजे कापूरबावडी, कळवा, विटावा ही रोजची वारी.

महिना झाला, सिग्नलला उभी राहिली की गाडीला थंडी वाजते. डॅशबोर्डावरचा गणपती टकटक वाजतो, आरशात मागची रिक्षा एकाच्या दोन दिसते. आरपीएमचा काटा साडेसातशेच्या आसपास, पण मधेच सहाशेकडे टेकून परत वर येतो. एसी लावला की जास्त. जागेवर रेस केली की थोडं बरं.

गॅरेजवाल्याने थ्रॉटल बॉडी (इंजिनला हवा सोडणारी झडप) साफ केली, ९०० रुपये. दोन दिवस गुण आला असं वाटलं, पण तो माझ्या मनाचा खेळ असावा. मग चारही प्लग नवे टाकले. आता म्हणतो इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) गेले, चौदा हजार होतील. चौदा हजार आहेत हो, पण अंदाजावर उडवायला नाहीत. चेक इंजिनचा दिवा लागतो आणि आपोआप जातो. बायको म्हणते, विकून टाका.

हो, आणि याचा संबंध असेल-नसेल: माजिवड्याच्या पुलावर चढताना तिसऱ्यात जोर दिला की दोन-तीन हिसके देते.

दिघ्याचा_बंड्या:
फाउंडेशन गेलंय, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसतं ती. माझ्या गाडीचं गेलं होतं, सेम टू सेम. डोळे झाकून बदला.

नेरूळची_ताई:
सीएनजी आहे का? माझी सीएनजीवर थरथरायची आणि पेट्रोलवर अगदी शांत, त्यामुळे प्लग-कॉइल सोडून सरळ गॅसचा फिल्टर बघितला, तोच चोक होता. दोन्हीवर थरथरत असेल तर मात्र दोष गॅस किटचा नसतो.

घोडबंदरचा_वाटसरू:
नाही ताई, फक्त पेट्रोल.

वागळे_इस्टेटचा_फिटर:
बंडू, फाउंडेशन गेलं तर गाडी हलते पण काटा हलत नाही. इंजिन बिचारं नीट चाललेलं असतं, रबर दबल्यामुळे त्याचे हादरे बॉडीला लागतात. यांचा काटाच डुचमळतोय, म्हणजे इंजिनच मिसिंग करतंय, एखादा सिलिंडर पेट घेत नाहीये.

वाटसरू साहेब, तुम्ही कामाची गोष्ट शेवटी लिहिलीत. पुलावरचे हिसके. कुठे पाइप फाटून हवा खेचत असेल तर त्रास आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, जास्त होतो आणि रेस वाढली की झाकला जातो, कारण तेव्हा एकूण हवाच इतकी जाते की चोरटी हवा किस झाड की पत्ती. पण लोडवर सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं, तिथे ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देते ती), तिच्या खालची रबराची नळी किंवा प्लग, यात कुठे कच्चं असेल तर ते चढावर उघडं पडतं. इंजेक्टरही असू शकतो, नाही म्हणत नाही, पण तो माझ्या यादीत नंतर येतो.

स्कॅनर लावून कोड वाचा. पी०३०१ ते पी०३०४ आला तर शेवटचा आकडा सिलिंडरचा, पी०३०० म्हणजे कुठलाही एक नक्की नाही. स्कॅनर नसेल तर इंजिन बंद करून एका कॉइलचा कनेक्टर काढा, चालू करून बघा, परत बंद करून लावा, मग पुढचा. ज्याचा काढून काहीच फरक पडत नाही तो आधीच झोपलेला. मग त्याची कॉइल शेजाऱ्याला द्या. दोष कॉइलबरोबर गेला तर कॉइल, जागेवरच राहिला तर खाली बघायचं.

आणि दिवा लुकलुकायला लागला तर गाडी चालवू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो गेला तर चौदा हजार स्वस्त वाटतील.

घोडबंदरचा_वाटसरू:
काका, रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसलो. मित्राचा ब्लूटूथवाला स्कॅनर लावला: पी०३०३. तीन नंबरचा कनेक्टर काढला तर खरंच काही फरक नाही, बाकीचे काढले तर गाडी बंद पडायला आली. मग कॉइलची अदलाबदल करायला तीन नंबरची बोल्ट काढून वर ओढली, तर आतून चपक् असा आवाज आला आणि रबराची नळी तेलाने निथळत बाहेर! टॉर्च लावून प्लगच्या खड्ड्यात बघितलं तर प्लग अर्धा तेलात उभा. रबर पुसलं तर आतून करड्या रंगाची केसासारखी रेघ दिसली, खालपासून वरपर्यंत. दोन नंबरला थोडं तेल, एक आणि चार कोरडे.

वागळे_इस्टेटचा_फिटर:
सापडलं. ती रेघ म्हणजे ठिणगीची पळवाट. प्लगच्या टोकाला पडायच्या ऐवजी ती रबरातून सिलिंडर हेडला जाते. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग आणि प्लगच्या खड्ड्याभोवतीच्या रिंगा कडक झाल्या की तेल तिथे उतरतं. तुमच्या माणसाने नवे प्लग त्याच तेलात बसवले असणार. त्याला ते दिसलं नसेल यावर माझा विश्वास नाही, पण जाऊ दे.

आता नुसतं पुसून लावू नका, आठवड्यात परत भरेल. पॅकिंग, रिंगा, तीन नंबरचं रबर, आणि तिथल्या प्लगच्या चिनीमातीवर काळी रेघ असेल तर तो प्लगही. प्लग खोलायच्या आधी तेल फडक्याने शोषून घ्यायला सांगा, नाहीतर सगळं सिलिंडरमध्ये उतरेल. पीसीव्ही व्हॉल्व्हही (इंजिनच्या आतली वाफ बाहेर काढणारी झडप) बघून घ्या. तो चोक असेल तर आतलं प्रेशर नवं पॅकिंगसुद्धा ढकलेल. कव्हरचे बोल्ट टॉर्क पान्याने, ताकद दाखवून नव्हे.

घोडबंदरचा_वाटसरू:
दुसऱ्या गॅरेजमध्ये काम केलं. पॅकिंग सेट, एक रबर, एक प्लग आणि मजुरी धरून २,३५०. पीसीव्ही हलवला की खुळखुळ वाजतो, म्हणजे ठीक आहे म्हणाला, तोच ठेवला. कोड पुसून आज चार दिवस झाले, दिवा लागलेला नाही. काटा साडेसातशेला चिकटून. काल पुलावर तिसऱ्यात मुद्दाम दाबून बघितलं, मागचा टेम्पोवाला हॉर्न मारत होता, पण हिसका नाही.

एसी लावल्यावर गणपती अजून थोडा वाजतो. काटा मात्र हलत नाही.

वागळे_इस्टेटचा_फिटर:
मग आता फाउंडेशन बघा. बंडू, एवढं तुझं.

दिघ्याचा_बंड्या:
😌