माजी महिला सैन्याधिकाऱ्याला स्वतःच्या सेवेवर कोणत्या सुविधा मिळतात? (कोल्हापूर)

प्रश्न

नमस्कार. शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर (म्हणजे ठरावीक वर्षांच्या अधिकारी-सेवेवर) लष्कराला रसद पुरवणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये 14 वर्षे सेवा करून मी 2017 मध्ये मेजर हुद्द्यावरून मुक्त झाले आणि आता कोल्हापुरात स्थायिक आहे. 20 वर्षे पूर्ण झालेली नसल्याने मला निवृत्तिवेतन नाही. ग्रॅच्युइटी तेवढी मिळाली. मध्यंतरी एका कार्यालयात सवलतींची चौकशी करायला गेले असता समोरच्या गृहस्थांनी काही न विचारताच सैनिकांच्या विधवांसाठीचा अर्ज पुढे केला आणि मी स्वतः गणवेशात होते असे सांगितल्यावर जो दुसरा अर्ज दिला, त्यात अर्जदाराच्या नावाखाली ‘पत्नीचे नाव’ असा रकाना छापलेला होता. त्या दिवशी मी अर्ज न भरताच परत आले. माजी सैनिक म्हणून माझा नेमका हक्क काय, उपचारांची सोय होईल का, मुलीला शिष्यवृत्ती मिळेल का आणि घरफाळ्यात सूट आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. सेवेत असताना गुडघ्याला झालेली दुखापत अजून त्रास देते, हेही नमूद करते.

उत्तर : निवृत्त सुभेदार मेजर, शिरोळ तालुका

जय हिंद मॅडम. पहिली गोष्ट, ठरलेला सेवाकाल पूर्ण करून ग्रॅच्युइटीसह मुक्त झालेला शॉर्ट सर्व्हिस अधिकारी हा माजी सैनिकाच्या व्याख्येत बसतो, मग तो पुरुष असो वा स्त्री. त्यामुळे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आपली नोंदणी स्वतःच्या नावाने करा आणि ओळखपत्र घ्या. पुढच्या बहुतेक कामांना तेच लागते. ‘पत्नीचे नाव’ या रकान्यात ‘पती’ अशी दुरुस्ती करून नाव लिहा, पण अर्ज सोडून येऊ नका.

आपण शेवटी लिहिलेला गुडघ्याचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुक्त होताना रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे सेवामुक्तीपूर्वीची लष्करी वैद्यकीय मंडळाची तपासणी, झाले असेल, त्याचा एएफएमएसएफ-16 हा फॉर्म शोधून काढा आणि त्यात दोनच गोष्टी पाहा: दुखापत सेवेमुळे झाली किंवा सेवेमुळे वाढली असे नमूद आहे का, आणि अपंगत्वाचे प्रमाण 20 टक्के किंवा त्याहून अधिक धरले आहे का. ही दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तर 20 वर्षांची सेवा नसली तरी अपंगत्व निवृत्तिवेतनाचा दावा उभा राहतो, कारण साध्या निवृत्तिवेतनाची सेवाकालाची अट त्याला लागू होत नाही. बोर्डाने नकारार्थी शेरा दिला असेल, तर त्याविरुद्ध अपील करता येते आणि तिथेही दाद मिळाली नाही तर सशस्त्र सैन्य न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येते. आमच्या भागात घरटी सैनिक असलेली गावे आहेत, पण हा फॉर्म वर्षानुवर्षे ट्रंकेत पडून राहतो आणि हक्काचे पैसे मागितलेच जात नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

उत्तर : मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून निवृत्त, कोल्हापूर

ताई, उपचारांबद्दल लिहिते. ईसीएचएस ही माजी सैनिकांसाठीची आरोग्य योजना 1 एप्रिल 2003 पासून सुरू आहे, पण ती दीर्घकाळ निवृत्तिवेतनधारकांपुरतीच होती. मार्च 2019 मध्ये शॉर्ट सर्व्हिस अधिकाऱ्यांनाही तिचे दार उघडले. सदस्यत्व आपोआप मिळत नाही, एकदाच भरायची वर्गणी भरून ते घ्यावे लागते. या योजनेच्या कोल्हापूरच्या पॉलिक्लिनिकमध्ये (दवाखान्यात) आपल्या गटासाठीच्या अटी, विशेषतः कुटुंबातील कोणाकोणाला लाभ मिळतो आणि रुग्णालयातील खर्च किती प्रमाणात मिळतो, हे लेखी घ्यावे.

शिष्यवृत्तीबाबत मात्र आपली निराशा होईल. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत मुलींना दरमहा 3000 रुपये मिळतात, पण ती अधिकारी हुद्द्याखालील माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी आहे. केंद्रीय सैनिक बोर्डाचे शिक्षण आणि विवाह अनुदानही हवालदार हुद्द्यापर्यंतच मिळते. यात अन्याय कुठे होतो हे नीट पाहिले पाहिजे: लष्करी पोलीस दलातील महिला जवानांची पहिली 83 जणींची तुकडी मे 2021 मध्ये बंगळूरमध्ये प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली, त्याआधी सैन्यातली स्त्री म्हणजे अधिकारीच. त्यामुळे आज ज्या स्त्रिया माजी सैनिक आहेत, त्यांच्या हातात या योजनांमधून जवळजवळ काहीच पडत नाही, आणि त्यांपैकी ज्या निवृत्तिवेतनाविना घरी आल्या त्यांचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

घरफाळ्याची सूट मात्र जरूर मागा. राज्य शासनाने 2020 मध्ये माजी सैनिकांना एका निवासी मालमत्तेच्या करातून सवलत दिली आहे. घर पतीच्या नावावर असेल, तर ती लागू होते का हे महापालिकेकडून लेखी घ्यावे.

उत्तर : वकील, कोल्हापूर

17 फेब्रुवारी 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या बबिता पुनिया निकालाची आठवण कोणी ना कोणी काढेलच, म्हणून आधीच स्पष्ट करतो. तो निकाल प्रामुख्याने त्या वेळी सेवेत असलेल्या महिला अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनविषयी, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत सेवेत राहण्याच्या हक्काविषयी, आहे. 2017 मध्ये मुक्त झालेल्या अधिकाऱ्याला केवळ त्याच्या आधारे निवृत्तिवेतन मिळेल असे समजून खर्चात पडू नये. आपल्या बाबतीत सुभेदार मेजर साहेबांनी सांगितलेला मार्ग अधिक भक्कम आहे. मेडिकल बोर्डाच्या फॉर्मची प्रत सापडली नाही, तर ती मिळवण्यासाठी माहिती अधिकारात अर्ज करता येतो.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. फॉर्मची प्रत सापडली. त्यात प्रमाण 20 टक्के आहे, पण ‘सेवेशी संबंध नाही’ असा शेरा आहे. दुखापत अकादमीतल्या प्रशिक्षणात झाली होती आणि त्या वेळचा इस्पितळाचा डिस्चार्ज कागद माझ्याकडे आहे. सुभेदार मेजर साहेब, अपिलासोबत हा एवढा कागद पुरेल, की त्या वेळच्या इन्ज्युरी रिपोर्टची प्रतही मागवावी?